याला प्रमाण काय?

वाईच्या गणपती घाटाजवळ चहाचे आधण चढले आहे. पाणी का उकळते? ज्योतीची उष्णता पाण्याच्या रेणूंना मिळते म्हणून, आणि टपरीवाल्याला चहा करायचा आहे म्हणूनही. एक कारण खरे ठरल्याने दुसरे बाद होत नाही. हा दाखला मुळात जॉन पोल्किंगहॉर्न या इंग्रज धर्मगुरूंच्या किटलीचा. विज्ञान आणि ख्रिस्ती ईश्वरविद्या यांचे नाते ते असे समजावून सांगत.

१९३० साली जन्मलेले पोल्किंगहॉर्न केंब्रिजमध्ये गणिती भौतिकीचे प्राध्यापक होते. सुमारे २५ वर्षे मूलकणांवर काम केल्यावर १९७९ साली त्यांनी ते पद सोडले आणि १९८२ साली ते चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू झाले.

१९९३-९४च्या गिफर्ड व्याख्यानांत, म्हणजे स्कॉटलंडमधील ईश्वरविद्याविषयक व्याख्यानमालेत, त्यांनी चर्चमधील उपासनेत म्हटला जाणारा, चौथ्या शतकातला विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची वचने एकत्र सांगणारा पाठ, समोर ठेवला आणि त्यातील एकेका वचनाबाबत, हे मानायला आधार काय, असे विचारले. वाईला हा प्रश्न परका नाही. येथील प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्राचा कोश, मीमांसाकोश, सिद्ध केला, आणि त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. वचनाला प्रमाण मागण्याची सवय या गावाने जपली आहे.

विज्ञानाला न सुटलेल्या कोड्यांत ईश्वर शोधू नये, असे पोल्किंगहॉर्न बजावत, कारण कोडे सुटताच त्या ईश्वराला जागा उरत नाही. उत्क्रांती त्यांना अडचणीची वाटली नाही. सृष्टीने स्वतःला घडवावे, अशी मोकळीक ईश्वराने तिला दिली, असे ते म्हणत. ज्या उत्परिवर्तनांतून, म्हणजे जनुकांतील बदलांतून, नवे जीव उदयाला आले, त्याच प्रक्रियेतून पेशी बिघडून कर्करोगही होतो, आणि यातले एक ठेवून दुसरे वगळता येत नाही. घरातले माणूस या आजाराने गमावलेल्याला एवढ्याने धीर मिळेल असे मला वाटत नाही, तरीही दुःखाची बाजू न लपवणारे हे उत्तर मला प्रामाणिक वाटते.

ईश्वर जगात कार्य कसे करतो, येथे मात्र त्यांची वाट अवघड होते. हवामानासारख्या, अतिसूक्ष्म फरकाने पालटणाऱ्या व्यवस्थांत त्यांना त्या कार्याला वाव दिसला. परंतु अशा व्यवस्थांची समीकरणे तर पूर्णपणे नियत असतात, म्हणजे आरंभीची स्थिती ठरली की पुढचे सारे ठरते. आपल्याला भाकीत करता आले नाही म्हणून निसर्ग मोकळा ठरत नाही. हा आक्षेप त्यांना ठाऊक होता. ही समीकरणे अधिक लवचीक वास्तवाची ढोबळ रूपे असावीत, असे त्यांनी त्यावर सुचवले, आणि ते तर्क म्हणूनच मांडले.