मॅकबेथच्या घशात अडकलेला शब्द

(काळोख. दूरवर घुबडाचा आवाज.)

मध्यरात्र उलटून गेलीय. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसच्या गढीत निजानीज झालीय. आतल्या दालनातून एक माणूस बाहेर येतो. सेनापती मॅकबेथ. राजा डंकनचा खून करून आलाय तो. खंजीर तिथेच, गुंगीत पडलेल्या पहारेकऱ्यांजवळ ठेवून यायचं ठरलं होतं. ते अजून आपल्याच हातात आहेत, हे बायकोनं सांगेपर्यंत त्याच्या ध्यानातही येत नाही.

तिला तो खुनाबद्दल फारसं बोलतच नाही. बोलतो एका शब्दाबद्दल. आत दोघंजण झोपेतून दचकून उठले. एक म्हणाला, 'देव आपलं भलं करो.' दुसरा म्हणाला, 'आमेन.' मॅकबेथलाही आमेन म्हणायचं होतं. शब्द घशातच अडकला. मला का म्हणता आलं नाही? हे एवढंच तो धरून बसतो.

शेक्सपिअरनं हे नाटक १६०६च्या सुमारास लिहिलं. खून त्यानं रंगमंचावर दाखवलाच नाही. दाखवले ते हात.

(रणांगणाचं जुनं चित्र.)

खऱ्या मॅकबेथनं १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य केलं. खरा डंकन म्हातारा नव्हता आणि तो मेला लढाईत. होलिनशेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीत मॅकबेथची हकिकत शेक्सपिअरच्या समोर होती. पण त्याच बखरीत डफ नावाच्या दुसऱ्या एका राजाचीही हकिकत आहे. आपल्याच सरदाराच्या गढीत मुक्कामाला असताना त्याला झोपेत मारलं गेलं. शेक्सपिअरनं ती रात्र उचलली आणि मॅकबेथच्या माथी मारली. लढाईत शत्रूला मारणाऱ्याला झोप लागू शकते. घरी आलेल्या पाहुण्याला मारणाऱ्याला कुठली लागणार!

आणि मॅकबेथला हे खुनाच्या आधीच कळलेलं असतं. मला हे नाटक पुन्हा पुन्हा ओढून नेतं ते याच जागेसाठी. जेवणाच्या पंगतीतून उठून तो एकटाच हिशोब मांडतो. मी याचा नातलग, याचा सरदार, आज याचा यजमान. मारेकऱ्याला अडवायला दार लावून घ्यायचं ते मी, आणि सुरी मीच उचलायची? खुनाच्या बाजूनं त्याच्याकडे एकच कारण उरतं, महत्त्वाकांक्षा. तिचंही रूप त्याला स्वच्छ दिसतं: घोड्यावर चढायला एवढ्या जोरात उडी मारायची की पलीकडेच जाऊन पडायचं. लगेच बायको येते तेव्हा तो सांगूनही टाकतो, 'आता हे पुढे न्यायचं नाही.'

सुरुवातीला त्याला भेटलेल्या चेटकिणींवर खापर फोडणं सोपं आहे. त्यांनी 'राजा होशील' एवढंच म्हटलं होतं. खून कर, असं त्यांच्यातली एकही म्हणाली नव्हती.

(पाण्याचं भांडं. मग एकच मेणबत्ती.)

'थोड्याशा पाण्यानं निघून जाईल,' असं त्या रात्री त्याची बायको म्हणाली होती. शेवटच्या अंकात तीच झोपेत चालत येते. उशाशी सतत दिवा लागतो तिला. कोरडे हात चोळत राहते. 'म्हाताऱ्याच्या अंगात एवढं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं?' वि. वा. शिरवाडकरांनी हे नाटक 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणलं, तेव्हा ही राणी दुर्गा खोटे यांनी उभी केली होती.

आणि तो? जिवलग बँकोला त्यानं मारेकरी घालून मारलं. त्याचं भूत भर मेजवानीत येऊन बसलं, तेव्हा शेवटचा हादरला. पुढे सरदार मॅकडफची बायको आणि लेकरं कापायचं ठरवायला त्याला क्षणभरही लागला नाही.

(गढीचा तट. आतून बायकांचा आक्रोश.)

'भीतीची चवच विसरलोय मी,' तो म्हणतो. आरडाओरडा कशाचा, एवढं विचारतो. राणी गेली, असं उत्तर येतं.

कशी गेली, हे तो विचारत नाही.