फाट्यावर सिग्नल पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा पट्ट्यात आमचं गाव. गाव आत, राज्य मार्ग बाहेरून गेलेला. गावचा रस्ता त्याला मिळतो तो आमचा फाटा. चहाची टपरी, पानठेला, पंक्चरवाला, एसटीचा निवारा, आणि रस्त्याच्या पलीकडे हायस्कूल. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की संत्र्याचे ट्रक, दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या. बैलगाडीला मागे ना दिवा, ना लाल पट्टी. आणि त्याच गर्दीत पाच वाजता शाळा सुटते.

दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका पोरीच्या सायकलला जीपनं उडवलं. पाय मोडला, जीव वाचला. त्याच रात्री गावातल्या पोट्ट्यांनी मुरूम-दगड टाकून डांबरावर ब्रेकर बांधला. फूटभर उंच, वर ना पांढरा पट्टा, ना आधी पाटी. आठवड्याच्या आत त्यावरून दूधवाला कॅनसकट आडवा झाला. तो ब्रेकर कोणी काढला हे अजून कोणी कबूल करत नाही. मी करते. मी आणि माझ्या जावेनं, पहाटे, टिकाव घेऊन.

मग ग्रामसभा भरली. मी तेव्हा ग्रामपंचायतीची सदस्य होते. एकच मागणी: सिग्नल. अमरावतीत चौकाचौकात आहे, मग आम्हाला का नाही? मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "लाइन गेली तं सिग्नल कायच्यावर चालन बाप्पा?" सभा हसली, आणि ठराव पास झाला.

तो ठराव घेऊन मी चार महिने फिरले. एका कार्यालयात म्हणाले, रस्ता आमचा नाही. दुसऱ्यात म्हणाले, साहेब दौऱ्यावर. शेवटी रस्त्याच्या कडेला गवत कापणाऱ्या एका मैलकुलीनं विचारलं, "काकू, दगडाचं डोकं पाह्यलं का?"

किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असेल तर राज्य मार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता, तिथं जिल्हा परिषदेकडे विचारायचं. कधी रस्त्याचा दर्जा वाढतो आणि दगड जुन्याच रंगात उभा राहतो, म्हणून कार्यालयातून खात्री करून घ्यावी. पण सुरुवात दगडापासून. आमचं डोकं हिरवं होतं आणि मी चार महिने भलत्याच दारात उभी होते!

योग्य दारातून उत्तर आलं: मागणी निकषात बसत नाही. मला राग आला. तिथल्या अभियंत्यानं मात्र बसवून समजावलं. सिग्नल कुठं लावायचा याचे भारतीय रस्ते काँग्रेसचे, म्हणजे रस्त्यांचे नियम-मापं ठरवणाऱ्या संस्थेचे, निकष आहेत. त्यातला एक असा, की येण्या-जाण्याला एकेक लेन असलेल्या मुख्य रस्त्यावर आठ तासांच्या सरासरीनं तासाला किमान 650 मोटारवाहनं हवीत आणि येऊन मिळणाऱ्या रस्त्यावर 200. आम्ही शाळेतल्या पोरांना वही देऊन फाट्यावर बसवलं. पोरांनी बैलगाड्यासुद्धा मोजल्या, त्या मोटारीत धरत नाहीत हे त्यांना पटेना. तरी आकडा 650 च्या आसपासही गेला नाही. आणि रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा लागला तर थांबणार कोण? एकजण थांबेल आणि मागचा ट्रक त्याच्यावर येईल. हे मला पटलं. सगळ्या गावाला आजही पटलेलं नाही.

खरी गोष्ट कळली ती महिला सभेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच्या सह्यांपुरती असते, आमच्याकडेही तशीच होती. त्या वेळी मात्र गवताचा भारा घेऊन रोज रस्ता ओलांडणारी एक बाई बोलली. तिचं म्हणणं, दोष निवाऱ्याच्या जागेचा आहे. एसटी अगदी फाट्याच्या तोंडाशी थांबते, उतरलेली माणसं बसच्या पुढून रस्ता ओलांडतात, आणि बसला ओव्हरटेक करून येणाऱ्याला ती दिसतच नाहीत. पोरगीही तशीच बसच्या आडून निघाली होती. चार महिने मी सिग्नलच्या मागे होते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

नवा अर्ज लिहिला. त्यात सिग्नल शब्दच नाही. एसटीचा थांबा फाट्यापासून पुढे सरकवा. मुख्य रस्त्यावर आडव्या जाड पांढऱ्या पट्ट्या द्या, गाडी खडखडून चालक जागा होतो त्या. शाळेची पाटी, झेब्रा पट्टे, सौरऊर्जेचा पिवळा लुकलुकता दिवा. पिवळा दिवा लुकलुकत असला की थांबायचं नसतं, वेग कमी करून जपून जायचं असतं. आणि तो उन्हावर चालतो, म्हणजे आजोबांच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं. सोबत पोरांची वही, अपघातांची यादी आणि ठराव. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, कारण तिथं बांधकाम, पोलीस, आरटीओ एकाच टेबलाशी बसतात. प्रत्येक प्रतीवर पोच घेतली. शिक्का बसेपर्यंत मी खुर्ची सोडत नाही, ही माझी खोड त्या कार्यालयांना आता माहीत झाली आहे.

गतिरोधकाची वेगळीच गंमत. तो मिळाला, पण गावच्या रस्त्यावर, फाट्याच्या अलीकडे. गाव खवळलं. "गाड्या त्यांच्या धावतात अन् आमालेच अडवता?" नियम तसाच आहे. मोठ्या रस्त्यावर ब्रेकर टाकत नाहीत, लहान रस्त्यावरून येणाऱ्याला आधी हळू करतात. मापानं बांधलेला ब्रेकर दहा सेंटीमीटर उंच आणि जवळजवळ पावणेचार मीटर रुंद असतो, ताशी पंचवीसनं गेलं तर पाठीला कळतही नाही. पोट्ट्यांनी टेप लावून मोजला, रुंदी थोडी कमी भरली. त्याचाही अर्ज दिलाय.

आज स्थिती अशी: थांबा साठेक पावलं पुढे गेला. टपरीवाल्याची गिऱ्हाइकं तुटली म्हणून तो माझ्याशी बोलत नाही. पट्टे आले, पाटी आली. पिवळ्या दिव्याचा खांब पोळ्याच्या आधी रोवला, दिवा अजून यायचा आहे. खांबावर सध्या कोणीतरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय. तो सोडायला उद्या सकाळी जायचं आहे, जावेला सांगून ठेवलंय.

नमस्कार.