आधी पाणी मोजा, मग घर

नमस्कार, श्रोतेहो. पाण्याची आगगाडी आठवते ना? तिचा हिशेब आज नीट मांडू, आणि मग तोच घर घेताना लावू.

एप्रिल २०१६. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलेलं. टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून लातुरात मार्चमध्येच जमावबंदी लागलेली. मग मिरजेहून, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून, कृष्णेचं पाणी रेल्वेने आलं. तेल वाहणारे डबे राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन घेतले होते. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. डबे दहा, प्रत्येकात सुमारे ५० हजार लिटर. स्टेशनाजवळच्या विहिरीत पाणी उतरवायचं, तिथून शुद्धीकरण केंद्रात, आणि मग टँकरने वस्त्यांत.

किती झालं? पाच लाख लिटर. आणि २०११च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. म्हणजे माणशी सव्वा लिटर! पुढे ५० डब्यांची गाडी धावू लागली. ती आली त्या दिवशीही माणशी साडेसहा लिटर. शहरात माणसाला दिवसाला १३५ लिटर लागतात असं धरतात. पुन्हा सांगते: लागतात १३५, अख्खी आगगाडी देते साडेसहा. रेल्वेच्या माणसांनी शर्थ केली, पण शहराची तहान रेल्वे भागवू शकत नाही.

 

आता हाच हिशेब घरांना लावू. त्याच वर्षी पुण्यात बाणेर-बालेवाडीला पाणी पुरेना, म्हणून उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. माझं मत स्पष्ट आहे: मजल्यांच्या आधी पाणी मोजा.

फ्लॅट घेताना तुम्हीही मोजा. शंभर घरं, घरात चौघं, माणशी १३५, म्हणजे रोज ५४ हजार लिटर. दहा हजारांचे टँकर रोज सहा! पालिकेचा नळ येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं हमीपत्र बिल्डर देतो; सोसायटी झाली की टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. म्हणून हमीपत्राची मुदत वाचा. शेजारच्या सोसायटीत मे महिन्याची टँकरची बिलं मागा. बोअरचं पाणी दाखवतील, तर तेही मे महिन्यातच बघा, ऑगस्टमध्ये नको. पावसाळ्यात बोअरला एरवीपेक्षा जास्त पाणी असतं. मोटर सलग चालवायला सांगा आणि किती वेळाने हवा ओढते ते घड्याळ लावून बघा. तासाभरात ओढत असेल, तर शंभर घरांना ती बोअर पुरणार नाही.