खान्देशातली भरदुपार आणि आपला कॅमेरा

मंडळी, मगाशी एका पोराने विचारलं, भाऊ, तोरणमाळला पोचेपर्यंत दुपार होऊन जाते, मग कॅमेरा बॅगेतच ठेवायचा का? अजिबात नाही. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन सुंदरच असतं, त्यावर वाद नाही, पण त्याच्या नादात आपण दुपारकडे बघणंच सोडलंय, आणि आपल्या खान्देशाची ओळख तर ऊनच आहे, ज्याने भुसावळात मे महिना काढलाय त्याला मी काय सांगू.

पहिलं म्हणजे सगळ्या दुपारी सारख्या नसतात. आपल्याकडे सूर्य सगळ्यात वर येतो तो साधारण साडेबाराच्या सुमाराला, पण किती वर ते महिन्यावर आहे. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, विजेच्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच. डिसेंबरात तोच सूर्य भरदुपारी जेमतेम ४५ अंशांवर, खांबाची सावली जवळजवळ खांबाएवढी. म्हणून हिवाळ्यात दुपार आहे म्हणून घरी बसणारे लोक फुकट चांगला उजेड घालवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मेचं ऊन. ते सपाट रान पार चपटं करून टाकतं, नांगरलेल्या काळ्या मातीत ढेकळांना सावलीच उरत नाही. पण हाच उजेड उभ्या कड्यावर बघा! पाटणादेवीला जा, समोर बेसॉल्टचे थरावर थर आहेत, डोक्यावरचं ऊन कड्याला घासत खाली येतं आणि जिथं दगड बोटभर पुढं आलाय तिथं त्याच्याखाली काळी रेघ पडते, अख्खा कडा थराथराने वाचता येतो. साक्री, नंदुरबारकडे माळावर त्या लांबच लांब दगडी भिंती दिसतात ना, लाव्हा जमिनीच्या भेगांमधे थिजून झालेल्या, त्यांचंही तसंच. म्हणून दुपारी आडवं सोडा, उभं शोधा. खोल घळ असेल तर अजून चांगलं, तिच्या तळापर्यंत ऊन पोचतं तेच मुळी दुपारी.

आणि पोलरायझर (लेन्सपुढं लावायचा, चकाका अडवणारा फिरता फिल्टर) घ्या, बाकी फिल्टर नसले तरी चालतील. सूर्याशी काटकोनात असलेल्या आभाळावर तो सगळ्यात जास्त काम करतो, आणि सूर्य डोक्यावर असला की काटकोनातलं आभाळ म्हणजे चहूबाजूचं क्षितिज, कुठंही तोंड करा. रावेरकडे केळीच्या बागेत उभं राहून तो हळूहळू फिरवून बघा, पानावरचा पांढरा चकाका जातो, खालचा हिरवा वर येतो, मधला दांडा आणि त्याच्या आडव्या शिरा मोजता येतील इतक्या स्पष्ट होतात. हे नंतर मोबाईलवर एडिट करून मिळत नाही कारण चकाक्याखालचा रंग कॅमेऱ्यात आलेलाच नसतो.

एक्सपोजरचं, म्हणजे फोटो किती उजळ ठेवायचा त्याचं, थोडक्यात सांगतो, रॉ मधे (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमधे) काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजवीकडे, म्हणजे पांढऱ्या टोकाला, चिकटू देऊ नका, काळी माती बघून कॅमेरा फसतो आणि फोटो उजळ करतो, तेव्हा अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमीच ठेवा. लांबचा सातपुडा झूम लेन्सने ओढायचा हट्ट उन्हाळ्यात नको, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, कितीही महाग लेन्स असली तरी डोंगराची कड मऊच येणार.

माझी स्वतःची आवडती दुपार म्हणजे भाद्रपदातली. पाऊस उघडलेला, हवा धुतलेली, आणि पांढऱ्या ढगांच्या सावल्या यावलच्या डोंगरावरून सरकतायत. तेव्हा दहा ठिकाणी पळू नका, एकच फ्रेम ठरवा, ट्रायपॉड लावा आणि थांबा. मागचा डोंगर सावलीत आणि पुढचं कपाशीचं शेत उन्हात असं जमलं की दाबा, मोजमाप शेताच्या उजेडाचं घ्या, डोंगर काळसर गेला तर जाऊ द्या, त्यानेच फोटोला खोली येते.