टेन्शनचा अटॅक, पण हार्टची कुठली भिंत बसली?

नमस्कार मंडळी. माइक जरा खरखरतोय, चालवून घ्या. चतुर्थीच्या आदल्या दिवसाची गोष्ट, फोंड्याकडची एक आजी, घरात गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची गडबड, तेवढ्यात भाऊ गेल्याचा फोन आला आणि अर्ध्या तासात छातीत कळ, घाम, सगळं. ईसीजी बघितला तर सरळ हार्ट अटॅकचा, म्हणून लगेच अँजिओग्राफी केली तर नळ्या स्वच्छ, ब्लॉकेज नाहीच!

मग इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, लावला. डाव्या कप्प्याचं खालचं टोक फुगून बसलेलं, हलतच नव्हतं, आणि वरचा गळा मात्र नेहमीपेक्षा जोरात आवळत होता. माडावर सूर, म्हणजे माडी, काढायला मडकं बांधतात ना, तसाच आकार, पोट गोल नि तोंड चिंचोळं. जपान्यांना त्यात ऑक्टोपस पकडायचं मडकं दिसलं, म्हणून १९९० मध्ये साटो वगैरे डॉक्टरांनी नाव ठेवलं ताकोत्सुबो. गोंयकाराने आधी बघितलं असतं तर नाव वेगळं पडलं असतं, असो.

२०१५ मध्ये १७५० पेशंटांचा मोठा अभ्यास आला. त्यात जवळपास ९० टक्के बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या, आणि ८२ टक्क्यांचं असं टोकच बसलेलं. पंधराएक टक्क्यांचा मधला पट्टा थांबतो नि टोक हलत राहतं. आणि २ टक्के उलटे, म्हणजे गळा बसलेला आणि टोक धडधडतंय. हा उलटा प्रकार तरुणांत जास्त, बऱ्याचदा मेंदूत रक्तस्राव झालेला असतो किंवा किडनीवरच्या ग्रंथीत हार्टला जोराने आवळायला लावणारं अ‍ॅड्रेनलिन ओतणारी गाठ असते, म्हणून उलटं मडकं दिसलं की मी डोक्याची चौकशी आधी करतो, मनाची नंतर. लोक याला ‘ब्रोकन हार्ट’ म्हणतात, मला ते नाव पटत नाही, कारण त्याच अभ्यासात मनाचा धक्का २८ टक्क्यांना आणि शरीराचा, म्हणजे ऑपरेशन, दम्याचा अटॅक वगैरे, ३६ टक्क्यांना होता. बाकीच्या बऱ्याच जणांत कारण सापडलंच नाही. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनतं तेव्हा, मात्र बहुधा सगळंच हार्ट ढिलं पडतं, ते प्रकरण वेगळं.

हे सगळं का सांगतोय? आजीचं बीपी पडलं होतं. अशा वेळी हात आपोआप अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या औषधाकडे जातो, पण गळा इतका आवळलेला असेल की रक्त बाहेर पडायलाच अडतंय तर त्या औषधाने तो आणखी आवळतो नि बीपी अजून घसरतं. आजीचा गळा तसाच अडत होता, म्हणून ते इंजेक्शन टाळलं, जपून सलाईन दिलं.

सहा आठवड्यांनी परत आली. इको नॉर्मल. स्क्रीनकडे बघून मला विचारते, "डॉक्टर, मग हा अटॅक मोजायचा की नाही?"