फरशीवरचे ऊन

अध्यक्षमहोदय आणि स्नेहीजनहो, घरात अडकून पडलेल्या माणसाला लाभणाऱ्या लहान सुखांविषयी बोलताना मी ऊन, आवाज आणि वास या तीन गोष्टी घेईन, असे संयोजकांना कळवले होते. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी जिन्यावर पाय घसरून माझा घोटा मोडला आणि पुढचे सहा आठवडे इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या जुन्या घराच्या दक्षिणेकडच्या खोलीत काढावे लागले. त्या दिवसांत सर्वाधिक सोबत झाली ती उन्हाची, म्हणून आरंभ त्याच्यापासून करते.

त्याआधी एक तक्रार मांडू द्या. भेटायला येणारी माणसे प्रेमाने येत, पण जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असे : ‘ताई, वेळ कसा घालवता?’ कोणी मोबाइलवर मालिका लावून देई, कोणी शब्दकोड्यांचे पुस्तक ठेवून जाई. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही, तरी तो प्रश्न मला तेव्हा बोचत असे आणि आजही बोचतो. आपण पैसा घालवतो, संधी घालवतो, अब्रू घालवतो; हातची मोलाची वस्तू गेली की हे क्रियापद आपल्याला आठवते. मग घरी बसलेल्या माणसाचा दिवस तेवढा घालवण्याजोगा कसा ठरतो? २०२० च्या टाळेबंदीत, ज्यांच्या घरी आजारपण किंवा उपासमार आली नाही अशा आपल्यापैकी पुष्कळांनी दिवस नुसते मोजून संपवले. मीही त्यांच्यात होते आणि त्या महिन्यांतले काहीच मला नीट आठवत नाही, याची खंत वाटते.

या वेळी मात्र तिसऱ्या दिवशी लक्षात आले की, दुपारी खिडकीतून आत येणारे ऊन कोट्याच्या एका फरशीच्या सांध्यापर्यंत पोहोचते आहे. मला वाकता येत नव्हते, म्हणून नातीला त्या कडेवर खडूची रेघ ओढायला सांगितले. आठवड्याने त्याच वेळी दुसरी रेघ ओढली, तेव्हा ऊन खिडकीकडे सुमारे चार इंच सरकले होते. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात तेच अंतर पाच इंचांच्या पुढे गेले. सहा आठवड्यांत ऊन अडीच फुटांच्या आसपास मागे हटले. उत्तरायण हा शब्द मी तीस वर्षे भूगोलाच्या तासाला फळ्यावर लिहिला, पण तो पायांशी सरकताना पाहिला तो त्या खोलीत.

पुढे तिवईवर पेन्सिल उभी करून आम्ही दोघी तिची सावली मोजू लागलो. बाराच्या ठोक्याला ती सर्वांत आखूड असेल अशी नातीची खात्री होती, पण ती आखूड होई साडेबारा उलटून गेल्यावर. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि इंदूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून किंचित अधिक आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली की सत्तावीस मिनिटांच्या आसपास फरक येतो. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला अक्ष यांमुळे फेब्रुवारीच्या मध्यात त्यात आणखी चौदा मिनिटांची भर पडते. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली उज्जैनची वेधशाळा आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिली असेल. तिथल्या सावली मोजणाऱ्या शंकुयंत्राचे काम आमच्या पेन्सिलीने केले, आणि रोज साडेबाराच्या सुमारास काही घडणार आहे या जाणिवेने माझी सकाळ उत्सुकतेत जाऊ लागली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगते. आवाजांचेही असेच आहे. सकाळी कचरागाडीचे गाणे, मग समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, दुपारी भंगारवाल्याची हाक. पंधरवड्यानंतर गाडी चौकात आहे की आमच्या दाराशी, हे मी गाण्यावरून सांगू शकत होते. वासाविषयी इंदूरकरांना मी काय सांगावे? आपल्याकडे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवतात. नात पुडा घेऊन जिना चढू लागली की आधी बडीशेप ओळखू येई, आणि पोह्यांवरचा जीरावन मसाला मात्र पुडा उघडल्याशिवाय कळत नसे. संध्याकाळी माळव्याचा गार वारा सुटला की हे सगळे वास पुसले जात, म्हणून मी खिडकी अगदी अखेरीस उघडायला सांगे.

एक विनंती उरली. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. जूनचा पहिला आठवडा संपता संपता, दुपारी साडेबाराच्या चार-पाच मिनिटे आधी, गच्चीत किंवा अंगणात एक पेन्सिल उभी करून ठेवा. तिची सावली तिच्या बुडाशीच दडलेली दिसेल. जुलैच्या पहिल्या आठवड्यातही तो योग पुन्हा येतो, पण तोवर आपल्याकडे पाऊस लागलेला असतो.