कंपनीनं गाडी परत बोलावली, पण तुम्हाला कोण सांगणार?

नमस्कार श्रोतेहो. कासची फुलं बघून यवतेश्वरचा घाट उतरताना पुढच्या गाडीच्या ब्रेक लायनरचा जळका वास कधी आलाय? मागच्या ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा आणि अख्खा घाट उतरायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. गिअर खाली घेतला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, हे सांगून मिस्त्री लोक दमले. असो. आज बोलायचंय ते कारखान्यातूनच अधू निघालेल्या ब्रेकबद्दल.

डिसेंबर 2021 मध्ये रॉयल एनफिल्डनं क्लासिक 350 च्या 26,300 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. दोष मागच्या ड्रम ब्रेकजवळच्या एका ब्रॅकेटमध्ये होता. ब्रेक दाबला की लायनर लावलेले शू ड्रमला घासतात आणि ज्या प्लेटवर ते बसवलेले असतात, ती प्लेटसुद्धा चाकाबरोबर फिरायला बघते. तिला फिरू न देणारा आधार गाडीच्या मागच्या दांड्याला, म्हणजे स्विंग आर्मला, या ब्रॅकेटनं धरलेला असतो. जोरात ब्रेक मारल्यावर ब्रॅकेटच दगा देऊ लागलं तर आधी आवाज येतो, मग ब्रेकची पकड कमी होते. लायनर कितीही नवे असोत. त्याआधी, 2019 साली, याच कंपनीनं सुमारे सात हजार बुलेट बोलावल्या होत्या. तिथं ब्रेक कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या चिमट्याचे, बोल्ट ठरलेल्या मापानं आवळलेले नव्हते. एवढंसं काम, पण पुढचं चाक त्याच्या भरवशावर!

अशी बोलावणी आली की लोक म्हणतात, कंपनीच बोगस. मला उलट वाटतं. चूक कबूल करून गाडी बोलावणारी कंपनी परवडली, गप्प बसणारी नको. आता तर कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 110 अ हे कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. दोष आढळला तर सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकतं. दुरुस्तीचा खर्च कंपनीचा, तुमचा एक रुपया नाही.

खरी गोम पुढंच आहे. कंपनीचा फोन किंवा पत्र जातं ते शोरूमच्या वहीतल्या मालकाला. आपल्याकडं एमएच अकराची गाडी कराडात विकली जाते, तिथून पाटणला जाते. गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 सहीनिशी डिकीत पडून असतात, ते काम राहूनच जातं. मेसेज पहिल्या मालकाला येतो, तो बघून पुसून टाकतो. गाडी चालवणाऱ्याला पत्ताच नाही.

म्हणून सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आपणच विचारायचं. हँडलच्या खाली, चौकटीच्या मानेवर चेसिस नंबर ठोकलेला असतो. चिखल पुसा, आरसी बुकाशी ताडून बघा. तो घेऊन त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत शोरूमला जा आणि विचारा, या नंबरवर काही रिकॉल, म्हणजे कंपनीचं बोलावणं, बाकी आहे का? गाडी कुठून घेतली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. काम झालं की जॉब कार्डवर तसं लिहून घ्या. पार्ट आला नाही म्हणाले तर तारीख लिहून मागा, आणि तोवर त्या गाडीवर डबलसीट बसून खंबाटकीला जाऊ नका, एसटीनं जा.